शेकाट्याच्या पायाएवढे पाणी



दिवाळीच्या आठवड्यात रिठदच्या शिवारात कुणाला उसंत नसते. इकडे सोयाबीनच्या सुडीवर मळणीयंत्र धडधडते, तिकडे मोकळ्या झालेल्या रानात हरभऱ्याची पेरणी उरकायची घाई. याच दिवसांत वाशीम जिल्ह्यातल्या तलावांवर उत्तरेकडचे पाहुणे उतरू लागतात. चक्रवाक येतात, तऱ्हेतऱ्हेची बदके येतात.

पण आमची नजर खिळते ती शेकाट्यावर. काडीसारखे लालबुंद पाय, सुईसारखी काळी चोच. तो पोहत नाही, बुडी मारत नाही. पाय टेकतील एवढ्याच पाण्यात उभा राहून चिखलातले किडे वेचतो. त्याचे ताट म्हणजे काठावरची चार बोटे पाणी. तिथून वीस पावलांवर मोटारीचा फूटव्हॉल्व्ह बुडालेला असतो. हरभऱ्याला पाणी सुरू झाले की काठ मागे सरतो, आणि उघड्या पडलेल्या ओलसर जमिनीत लगेच गाळपेर होते. पक्ष्याचे ताट आणि शेतकऱ्याचे वावर, जागा एकच.

यात शेतकरी खलनायक नाही. मुळात यातली बरीच पाणथळे शेतीनेच जन्माला घातली. निफाड तालुक्यातले नांदूर मधमेश्वर पाहा. गोदावरी-कादवा संगमावर बंधारा झाला तो सिंचनासाठी. मागे गाळ साचला, उथळ पाणी आणि बेटे तयार झाली, म्हणून पक्षी आले. १९८६ मध्ये अभयारण्य झाले आणि २०२० मध्ये राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. ज्या गाळाने हे वैभव दिले, तोच आता त्याच्या मुळावर उठला आहे. भोवतालच्या ऊस, द्राक्ष, कांद्याच्या रानांतून माती येते, तिच्याबरोबर खते येतात. खतांवर जलपर्णी पोसते आणि उघडे पाणी झाकून टाकते. अभयारण्याची हद्द नकाशावर ठळक असते, पण ओघळाला ती दिसत नाही.

आमच्या शेजारचे लोणार सरोवरही २०२० मध्येच रामसर यादीत गेले. त्याला उंच कड्यांची भिंत आहे. पण आतल्या झऱ्यांना पाणी मिळते ते कड्याबाहेरच्या जमिनीतून झिरपून. म्हणजे भिंत असली तरी शिवाराशी नाते सुटत नाही.

मग करायचे काय? कुंपण घालून शेतकऱ्याला हाकलणे हा उपाय नव्हे. गोंदियाच्या धानबांध्यांत सारस पक्षी घरटे बांधतो आणि शेतकरी ते राखतात. शेती आणि पक्षी यांचे वैर जन्मजात नाही. आपल्याकडे रुंद वरंबा-सरीवर सोयाबीन घेतले तर पाणी रानात मुरते, माती कमी वाहते. तलावाला लागून पाच-दहा फूट गवत राखले तर उरलेली माती तिथे अडते. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत गाळ जरूर उपसावा. पण यंत्राने काठ उभा कापला की उथळ उतार संपतो आणि शेकाट्याला पाय टेकायला जागा उरत नाही. एक बाजू तशीच निमुळती सोडायला डिझेल जास्त लागत नाही. गाळपेरही एका टोकापासून सुरू करून दुसरे टोक शेवटी पेरता येते.

हे ठरवायला दिल्ली-मुंबईची वाट पाहावी लागत नाही, ग्रामसभा पुरते. राखीव जंगलाला राखणदार असतो. काठाला मात्र काठावरचे गावच राखू शकते, कारण मोटारीचे बटण गावाच्या हातात आहे.

यंदाचा अंक आम्ही म्हणूनच काठावरच्या माणसांना आणि पाखरांना वाहिला आहे. वाचा, पटले नाही तर भांडा, पण एकदा तलावावर जाऊन या.

आपल्या हरभऱ्याला घाटे भरून लागोत, आणि तलावाच्या एका कोपऱ्यात शेकाट्याच्या पायाएवढे पाणी उरो. दीपावलीच्या शुभेच्छा!

— संपादक