सरासरीने भूत पळत नाही

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं एक लाडकं वाक्य आहे : "सॉफ्टवेअरमध्ये बघून घेऊ." मीही ते शंभरदा म्हटलंय. पण करंट मोजणाऱ्या चुंबकीय सेन्सरच्या बाबतीत माझं मत आता पक्कं झालंय. बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राचा त्रास आधी जागेवर मिटवायचा, कोडमध्ये नंतर. हे शहाणपण फुकट नाही आलं, म्हणून सांगतो.

एका बॅकअपच्या कपाटात बॅटऱ्यांच्या दोन रांगा होत्या. प्रत्येक रांगेच्या तांब्याच्या पट्टीपासून 1 सेंटिमीटरवर एक हॉल सेन्सर. किती अँपिअर आत गेले, किती बाहेर आले याचा हिशोब ठेवून बॅटरी किती भरलीय ते माझा कोड सांगायचा. पहिल्या रांगेचा आकडा सारखा नाचत होता, म्हणून मी 16 रीडिंगची सरासरी घेतली. ग्राफ गुळगुळीत, डेमो झकास, मी खूश.

पुढच्या आठवड्यात त्या रांगेचा फ्यूज कुणीतरी काढून ठेवला, म्हणजे करंट शून्य. आणि स्क्रीनवर? अगदी स्थिर, सभ्य असे 2 अँपिअर! भूतच. असं भूत 5 तास राहिलं तर बॅटरीत कधी न गेलेले 10 अँपिअर-तास माझ्या हिशोबात जमा. स्क्रीन म्हणणार 'भरली', आणि दिवे गेल्यावर खरं काय ते कळणार.

आमचे हार्डवेअरचे सर आले. त्यांनी लॅपटॉपकडे बघितलंसुद्धा नाही. शेजारच्या रांगेची केबल हाताने जरा लांब ओढली, तर माझे 2 अँपिअर लगेच खाली!

"सर, हे काय?"

"अरे, तुझा सेन्सर करंट मोजतच नाही. तो चुंबकीय क्षेत्र मोजतो. कुणाचं, ते त्याला काय माहीत?"

इंजिनिअरिंगला चार मार्कांना येणारा प्रश्न होता हो हा! 1879 मध्ये एडविन हॉलने सोन्याच्या पातळ वर्खातून करंट सोडला, आडवं चुंबकीय क्षेत्र लावलं, आणि वर्खाच्या दोन कडांमध्ये बारीकसं व्होल्टेज मिळालं. हॉल सेन्सर आजही तेच करतो. करंट हा आपण त्यावरून काढलेला निष्कर्ष असतो.

आता आकडे बघा. सरळ तारेतून 1 अँपिअर जात असेल तर 1 सेंटिमीटरवर 20 मायक्रोटेस्ला क्षेत्र मिळतं. शेजारची केबल सेन्सरपासून 5 सेंटिमीटरवर होती आणि तिच्यातून 10 अँपिअर चालले होते. तिचं क्षेत्र 40 मायक्रोटेस्ला, म्हणजे माझ्या भाषेत बरोब्बर 2 अँपिअर. गंमत म्हणजे आपल्याकडे पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्रही साधारण 40 मायक्रोटेस्लाच आहे. डीसी क्लॅम्प मीटरवर झिरोचं बटण असतं त्याचं एक कारण हेच.

मग फिल्टर का चालत नाही? कारण फिल्टर फ्रिक्वेन्सी बघून चोर ओळखतो. इथे माझा करंट डीसी, शेजाऱ्याचाही डीसी. एसी असतं तर दोघेही 50 हर्ट्झ. चोर आणि मालक एकाच गणवेशात! सरासरीने थरथर जाते, चूक तशीच राहते. उलट गुळगुळीत झाल्यामुळे ती जास्त खरी वाटते, आणि ते जास्त धोक्याचं.

दोघांमध्ये फरक आहे तो जागेचा. म्हणून इलाजही जागेचेच. पहिला इलाज सरांनी तिथेच केला : शेजारच्या रांगेची जाणारी आणि येणारी केबल एकमेकींना चिकटवून केबल टायने बांधली. दोघींतले करंट उलट दिशेचे, त्यामुळे त्यांची क्षेत्रं बऱ्यापैकी एकमेकांना खाऊन टाकतात. भूत जवळपास गेलं. खर्च : चार केबल टाय.

दुसरा इलाज, पट्टीच्या दोन्ही बाजूंना एकेक सेन्सर. पट्टीचं क्षेत्र दोन्हीकडे उलट दिशेला, बाहेरचं मात्र एकाच दिशेला. वजाबाकी केली की आपलं दुप्पट होतं आणि पृथ्वीचं जातं. शेजाऱ्याचं पूर्ण जात नाही, कारण तो एकापासून 5 आणि दुसऱ्यापासून 7 सेंटिमीटरवर. तरी 2 अँपिअरची चूक सुमारे 0.3 वर येते. तिसरा इलाज, पट्टीभोवती चुंबकीय गाभ्याची कडी आणि तिच्या फटीत सेन्सर. कडी आपलं क्षेत्र गोळा करते, बाहेरचं बरंचसं बाजूने वळवते. पण ती महाग, जड, आणि मोठा करंट येऊन गेला की थोडं चुंबकत्व धरून बसते.

कुणी म्हणेल, शेजाऱ्याचा करंटही मोजताच आहात, मग त्याचा वाटा गुणाकार करून वजा करा की! मान्य, हे चालतं, आणि कोडमध्येच होतं. पण तो गुणक म्हणजे पुन्हा अंतरच. पुढच्या सर्व्हिसिंगला कुणी केबल 1 सेंटिमीटर सरकवली की गुणक खोटा, आणि माझ्या कोडला त्याचा पत्ताही नाही. म्हणून आधी पट्ट्या आणि केबल पक्क्या बसवा, मग गुणक काढा. हा क्रम उलटा करू नका.

सॉफ्टवेअर निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं नाही. झिरो ठरवणं, तापमानाची दुरुस्ती, थरथर कमी करणं ही कामं त्याचीच. पण जो फरक सेन्सरपाशीच पुसला गेला, तो कोड कुठून आणणार?

असो. त्या कपाटात माझी 16 रीडिंगची सरासरी अजून आहे. फक्त आता ती केबल टायच्या नंतर येते.