रावळगावची गोळी



ऊस काट्यावर उतरला की त्याच्याशी आपला संबंध संपला, असे आपण धरून चालतो. पुढे साखरेचे काय होते हे कारखान्याने पाहावे. पण आपल्या राज्यात एक कारखाना असा होता, की ज्याने साखर नुसती पोत्यात भरली नाही, तिच्या गोळ्या करून गावोगावच्या बरण्यांत पोचवल्या. नाव रावळगाव.

हे गाव नाशिक जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात. सोलापूरचे वालचंद हिराचंद दोशी (१८८२–१९५३) हे मूळचे बांधकामाचे ठेकेदार. पुढे जहाजे, विमाने, मोटारी अशा मोठ्या धंद्यांत पडले. त्यांनी येथे सुमारे दीड हजार एकर जमीन घेतली, तेव्हा ते निव्वळ माळरान होते. मातीचे जाणकार, रसायनतज्ज्ञ, शेतीतज्ज्ञ आणून त्यांनी आधी ती जमीन पिकाखाली आणली. १९३३ साली 'रावळगाव शुगर फार्म' ही कंपनी निघाली. नावातला 'फार्म' शब्द ध्यानात घ्या. आधी शेत, मग धुराडे. १९४२ पासून गोळ्या निघू लागल्या. पुढची 'पान पसंद' आणि 'मँगो मूड' तर तुमच्या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतील.

गोळी होते कशी? आमच्या भगिनींना गोळीबंद पाक माहीत आहेच. नुसत्या साखरेचा पाक आटवला तर गार होताना तो रवाळ होतो. म्हणून त्यात पातळ ग्लुकोज घालतात. हे ग्लुकोज बहुधा मक्याच्या स्टार्चपासून काढलेले असते. म्हणजे गोळीत ऊसही आला आणि मकाही. पाक सुमारे १४५ ते १५० अंशांपर्यंत तापवून पाण्याचा अंश दोन-तीन टक्क्यांवर आणतात. आंबटपणा व स्वाद मागाहून, पाक थोडा निवल्यावर घालतात. आंबट आधीच पडले तर गोळी चिकट होते. हवेतली ओल ती चटकन ओढते, म्हणून प्रत्येकीला वेगळा कागद.

आता दुसरी बाजू. साखर, मजुरी, वीज, सारे महागले. गोळीचा भाव मात्र वाढवता येईना. चार आण्यांचे नाणे ३० जून २०११ पासून चलनातून गेले. आठ आण्यांची गोळी साठ पैशांना कशी विकणार? मधले नाणेच नाही! आमच्या खांदेश्वरच्या दुकानांत सुट्टे नसले की गोळीच हातावर ठेवतात. ती स्वतःच नाणे झाली आहे. शिवाय मोठ्या कंपन्या एका अंगाने आणि बिननावाचा स्वस्त माल दुसऱ्या अंगाने. साखर कारखाना तर आधीच दुसऱ्याकडे गेला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये दोशी घराण्याच्या या कंपनीने गोळ्यांची नावे, बोधचिन्हे आणि कृती २७ कोटी रुपयांना रिलायन्सच्या कंपनीला विकल्या.

गंमत पाहा, जागा, इमारती, यंत्रे या व्यवहारात नव्हत्या. ती कंपनीकडेच राहिली. मोल आले ते नावाला आणि कृतीला. मला तरी यात वाईट वाटले. पण हिशेबाने पाहिले तर ज्या नावाला ऐंशी वर्षे जपले त्याचेच पैसे झाले.

सगळ्याच घराण्यांचे असे झाले नाही. विलेपार्ल्यात १९२९ साली चौहान कुटुंबाने सुरू केलेला 'पार्ले'चा कारखानाही आधी गोळ्यांचाच होता. बिस्किटे १९३९ मध्ये आली, आणि त्या बिस्किटांनी पुढे घर सावरले. एकाच मालावर ते बसून राहिले नाहीत.

तुमच्यापैकी कित्येक घरांत आवळा कँडी, चिक्की, गुळाच्या वड्या होतात. बचत गटाच्या प्रदर्शनात त्या हातोहात खपतात, पण पुडीवर नाव नसते. अन्न परवान्याबरोबर ट्रेडमार्कचाही अर्ज करा. ही नोंदणी दहा वर्षांची असते, मग नूतनीकरण करावे लागते. आणि नाव कोणाच्या मालकीचे राहणार, हे अर्ज भरण्यापूर्वीच सर्वांनी बसून कागदावर लिहून ठेवा.