स्वावलंबनाची टोपी

महूच्या रेंजवर संध्याकाळी शेवटची डिटेल उठली की आमचे दुसरे काम सुरू होते. खोके वेचायचे. गोळी सुटल्यावर मागे उरणारी पितळी पुंगळी, तिला फौजेत सगळे खोकाच म्हणतात. सकाळी जितके राउंड मोजून दिले, तितके खोके संध्याकाळी मोजून परत आले पाहिजेत. एक कमी पडला तरी अख्खी कंपनी गवतात गुडघ्यांवर उतरते. मागच्या आठवड्यात असाच एक खोका हरवला. टॉर्चच्या उजेडात शोध चालू असताना फोन वाजला. एनडीएच्या कोर्समेट मंडळींच्या ग्रुपवर एका मित्राचा निरोप आला होता.

निरोप लांबलचक, सार एवढेच: अमेरिकेत साधा नागरिकही रिकामे खोके घरी नेतो, पुन्हा भरतो आणि वापरतो, म्हणून त्याला टंचाई ठाऊक नाही. आपल्याकडे कायदा आडवा येतो, म्हणून आपले नेमबाज परदेशी काडतुसांची वाट बघत बसतात. तेव्हा घरोघरी काडतुसे भरू द्या, हीच खरी आत्मनिर्भरता. खाली अठरा जणांचे अंगठे.

मित्रा, ग्रुपवर भांडत बसलो असतो तर रात्र गेली असती, म्हणून इथे सविस्तर लिहितो. तू ज्याला स्वावलंबन म्हणतोस ते मी जवळून पाहिले आहे. आणि ज्या काळात त्याची परीक्षा झाली, नेमका त्याच काळात पाहिले आहे.

२०२१-२२ मध्ये मी कॅन्सासमधल्या फोर्ट लेव्हनवर्थला कोर्सवर होतो. तिथे परदेशी अधिकाऱ्याच्या कुटुंबाला आधार म्हणून एक स्थानिक कुटुंब जोडून देतात. आमच्या वाट्याला एक निवृत्त सार्जंट आणि त्याची बायको आली. हिने केलेली पुरणपोळी सार्जंटने पहिल्याच दिवशी लोणच्याबरोबर खाल्ली आणि आमची गट्टी जमली. त्याच्या घराच्या तळघरात एक लांब लाकडी टेबल होते. त्यावर हाताने ओढायचा प्रेस, तराजू, डब्या आणि हस्तलिखित वह्यांची चळत. हा त्याचा चाळीस वर्षांचा छंद: काडतुसे पुन्हा भरणे.

काडतुसाचे भाग चार. पुंगळी, दारू, गोळी आणि बुडाशी बसवलेली टोपी, जिला इंग्रजीत प्रायमर म्हणतात. घोडा दाबला की पिन टोपीवर आदळते, टोपीची ठिणगी दारूला लागते आणि गोळी सुटते. पुंगळी पितळेची, जपून वापरली तर पुन:पुन्हा भरता येते. गोळी शिशापासून घरी ओतणारेही आहेत. दारू डब्यात विकत मिळते. उरली टोपी. दिसायला शर्टाच्या छोट्या बटणाएवढी. एका वेळेला वापरायची आणि टाकून द्यायची.

मी तिथे पोचलो तेव्हा ती टोपी मिळेनाशी झाली होती. २०२० मध्ये कोविड आला, रस्त्यांवर आंदोलने झाली, निवडणूक तोंडावर होती, आणि अमेरिकन माणूस दुकानात बंदूक घ्यायला धावला. एफबीआयकडे त्या वर्षी शस्त्रखरेदीशी संबंधित पार्श्वभूमी तपासण्यांचा आकडा चार कोटींच्या घरात गेला. त्याच वर्षी जुलैमध्ये रेमिंग्टन कंपनी दिवाळखोरीत गेली. अमेरिकेत टोप्या बनवणारी मोठी नावे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यांतले हे एक. कारखाने दिवसरात्र चालत होते, पण टोपी आधी जात होती त्यांच्याच तयार काडतुसांत. नवीन बंदूकवाल्याला तयार काडतूस हवे होते आणि कारखान्याचा नफाही त्यातच होता. सुटी टोपी विकत घेणारा छांदिष्ट रांगेच्या अगदी शेपटाला उभा.

सार्जंट मला एकदा दुकानात घेऊन गेला. टोप्यांचा रॅक पूर्ण रिकामा. वर चिठ्ठी: माल आला तर माणशी एकच डबी. पूर्वी हजार टोप्या तीस-चाळीस डॉलरला मिळत. आता खासगी विक्रीत त्याच डबीला शंभराच्या वर मोजणारे होते. परत येताना सार्जंट म्हणाला, "इथून तासाभरावर लेक सिटी आहे." मिसुरीत इंडिपेन्डन्स गावाजवळचा हा कारखाना १९४१ पासून अमेरिकन सैन्यासाठी लहान हत्यारांची काडतुसे बनवतो. तासाभरावर काडतुसांचा डोंगर, आणि याच्या तळघरात भरायला तयार असलेल्या हजारो चकचकीत पुंगळ्या, पण टोपी नाही. प्रेस झाकून ठेवलेला.

हे तुझे स्वावलंबन. चारांपैकी तीन गोष्टी हाताशी असूनही चौथीसाठी तो दुसऱ्याच्या दारात उभा होता. आणि ती चौथी घरी करायची गोष्टच नाही. टोपीतला मसाला घर्षणाने, धक्क्याने, कधी अंगावरच्या स्थिर विजेनेही उडतो. कारखान्यात तो ओला हाताळतात, थोडाथोडा, आडभिंतींच्या मागे. छांदिष्टांमध्येही शहाणे लोक त्या वाटेला जात नाहीत.

मला यात नवल वाटले नाही, कारण माझ्या आजोबांची बंदूक मला आठवली. कोकणात आमच्या गावी त्यांच्याकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. नळीत दारू, वर चिंध्या, वर छर्रे, गजाने ठासायचे आणि कानावर टोपी बसवायची. तुझ्या भाषेत आमचे आजोबा शंभर टक्के आत्मनिर्भर. पण टोप्या रत्नागिरीहून, परवानाधारक दुकानदाराकडून यायच्या. पावसात वाट बंद झाली, टोप्या संपल्या, की आजोबा बंदूक भिंतीला टेकवून डबा वाजवत रानडुकरांमागे पळायचे. आजी म्हणायची, "ठेवा ती काठी आत, गंजेल."

आता टंचाईत लोक कसे वागले ते सांगतो. एक जात साठेबाजांची. एकाच्या गॅरेजमध्ये मी स्वतः टोप्यांच्या डब्या छतापर्यंत रचलेल्या पाहिल्या. मोजल्या तर त्याच्या नातवालाही पुरल्या असत्या. तरी तो रोज पहाटे दुकानापुढे उभा राहायचा, मिळेल ती डबी उचलायचा आणि दुपारी टंचाईबद्दल सरकारला शिव्या घालायचा. डिसेंबर २०१२ मधल्या सँडी हुक शाळेतल्या हत्याकांडानंतर कायदा कडक होईल या धास्तीने असेच झाले होते. त्या वेळी साधी पॉइंट टू-टूची काडतुसे कितीतरी महिने फळीवरून गायब होती. माल कारखान्यातून निघतच होता, पण फळीवर टेकत नव्हता. थेट गॅरेजमध्ये जात होता.

दुसरी जात जुगाड्यांची. ही टोपी नाही तर ती, ही दारू नाही तर तिच्या रंगाची दुसरी. सार्जंट एरवी शांत माणूस, पण यावर भडकायचा. एक भाग बदलला की सगळे माप पुस्तकातून पुन्हा तपासायचे, नाहीतर नळी फुटते आणि बोटे जातात. त्याच्या क्लबात एकाच्या चेहऱ्यावर तशी खूण होती.

तिसरी जात खुद्द सार्जंटची, आणि संख्येने सर्वांत लहान. त्याने चार रायफली तेल लावून कपाटात ठेवल्या आणि एकीवरच लक्ष ठेवले. रोज रात्री तळघरात वीस मिनिटे रिकाम्या रायफलीवर सराव: श्वास, नजर, बोट. रविवारी एअर रायफल. महिन्यातून एकदा खरे दहा राउंड, आणि प्रत्येकाची वहीत नोंद: वारा, तापमान, कुठे लागली, का लागली. क्लबातल्या सहा जणांनी मिळून एकच मागणी नोंदवली, कारण स्फोटक मालाच्या वाहतुकीचा जादा आकार एकट्याला परवडत नाही. माल आठ महिन्यांनी आला. त्यातल्या शंभर टोप्या त्याने शेजारच्या पोराला दिल्या, हरणांचा हंगाम आला होता म्हणून. मी विचारले, परत कधी घेणार? म्हणाला, तो नेम शिकला की फिटले.

टंचाईत टिकायचा उपाय मी एवढाच पाहिला: आधीपासून थोडे शिल्लक, शिस्त आणि वाटून घेणे. त्याने टोपीचा कारखाना उभा राहत नाही, पण माणूस नेमबाज राहतो.

आता तुझ्या मागणीकडे येतो. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रेही येतात. परवान्याशिवाय घरी काडतूस भरणे हा गुन्हा आहे, आणि मला विचारशील तर तो तसाच राहावा. पण कायदा क्षणभर बाजूला ठेव. तू नेमबाजांसाठी गळा काढलास म्हणून विचारतो: कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकले, ते कोणत्या काडतुसावर? पॉइंट टू-टूवर. या काडतुसाला वेगळी टोपी नसते. मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि पिन त्या कडेलाच चेपते. एकदा उडाले की पुंगळी कामातून गेली. ते पुन्हा भरणे अमेरिकेतलेही छांदिष्ट सहसा करत नाहीत. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला प्रोनमध्ये जगज्जेतेपद मिळवले, तेही याच काडतुसावर. ज्यांच्या नावाने तू घरोघरी प्रेस मागतोस, त्यांना त्या प्रेसचा काडीचा उपयोग नाही. त्यांना हवा देशात बनलेला, एका लॉटमधली प्रत्येक गोळी सारखी चालणारा माल. आज आपले अव्वल नेमबाज तो युरोपातून मागवतात. ते काम तळघराचे नाही, कारखान्याचे आहे. अंगठे द्यायचे तर त्या मागणीला द्या.

आणि हा प्रश्न फक्त नेमबाजांचा नाही, आपला आहे. यात गुपित काही नाही, महालेखापरीक्षकांचे २०१५ आणि २०१७ चे अहवाल संसदेत मांडलेले आहेत. पहिल्यात नोंद आहे की मार्च २०१३ मध्ये दारूगोळ्याच्या १७० प्रकारांपैकी ८५ प्रकारांचा साठा दहा दिवसांनाही पुरणारा नव्हता. पण माझ्या डोक्यात रुतून बसली ती फ्यूजची गोष्ट. तोफगोळे होते, फ्यूज नव्हते, म्हणून ते गोळे वापरता येण्याजोगे नव्हते. फ्यूज म्हणजे तोफगोळ्याच्या नाकावरचा छोटा भाग, तो कधी फुटायचे हे ठरवतो. डेपोत ढीग मोजणाऱ्याला गोळे दिसतात. सीमेवर तोफेमागे उभ्या असलेल्या गनरला फ्यूज लागतो. सार्जंटच्या तळघरातल्या पुंगळ्या आणि डेपोतले ते गोळे, दोन्हींची कथा एकच.

युक्रेनच्या युद्धाने पुढचा धडा शिकवला. १५५ मिमी तोफेच्या एका पूर्ण चार्जला दहा किलोहून जास्त दारू लागते. रायफलच्या ७.६२ काडतुसात ती साधारण ३ ग्रॅम. म्हणजे एका गोळ्यामागे तीन हजारांहून जास्त काडतुसांची दारू गेली. युरोपने मार्च २०२३ मध्ये वर्षभरात दहा लाख गोळे देण्याचे ठरवले आणि मुदत हुकली. पैसा होता, तोफा होत्या. आडले ते दारू, तिच्यासाठी लागणारे नायट्रोसेल्युलोज आणि ते ज्यापासून बनते तो कापसाचा बारीक तंतू इथे. कापूस! विदर्भातल्या वाचकांनो, हे वाक्य पुन्हा वाचा.

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. वरणगाव, भंडारा, अंबाझरी, चांदा: आपल्या मराठी मुलखात ही परंपरा आहे. मी कॅन्सासमध्ये असतानाच, १ ऑक्टोबर २०२१ ला, या कारखान्यांच्या कंपन्या झाल्या. पाटी बदलली हे ठीक, पण विचारायचा प्रश्न असा: काडतुसाचा, गोळ्याचा प्रत्येक भाग, अगदी टोपीतल्या मसाल्यापर्यंत, इथे बनतो का? आणि तो बनवणारा माणूस सुरक्षित आहे का? जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या कारखान्यात स्फोट झाला, कामगार गेले. त्या घरांतल्या लोकांना "आत्मनिर्भर" हा शब्द सांगताना आपला आवाज जरा खाली असावा.

शेवटी एक गोष्ट आपल्याच लोकांना, कारण त्या ग्रुपवर दुसऱ्या एका मित्राने लिहिले होते की टंचाईतच खरा सैनिक घडतो. नाही. कारगिलला आपण जे होते त्यावर लढलो, त्याचा अभिमान मला आहे. पण अभिमानाचे रूपांतर सवयीत होऊ देऊ नका. सार्जंट दहा राउंडवर टिकला, कारण त्याआधी चाळीस वर्षे त्याने मनसोक्त नेमबाजी केली होती. नव्या रिक्रूटकडे ती पुंजी नसते. त्याचे राउंड कापून हिशेब जुळवणारा अधिकारी बचत करत नाही, तो पुढच्या कुणाच्या तरी आयुष्याची उधारी करतो. कापायचेच असेल तर प्रात्यक्षिकांतला धूमधडाका कापा. पोराच्या हातचे राउंड कापू नका.

आणि हो, तो हरवलेला खोका. रात्री पावणेनऊला सापडला, वाळूच्या पिशवीच्या घडीत. हवालदाराने फुंकर मारून डब्यात टाकला, हिशेब पुरा झाला, कंपनी जेवायला गेली. खोक्यांचा हिशेब आपण चोख ठेवतो, आणि ठेवलाच पाहिजे. टोपीचा हिशेबही तितक्याच रात्रीपर्यंत जागून कुणीतरी मागावा, एवढ्यासाठी हे लिहिले.

जय हिंद.