गाऊट : दोष केवळ जिभेचा नव्हे

पायाचा अंगठा रात्रीतून लालबुंद सुजतो, पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. हा गाऊट, आयुर्वेदातील वातरक्त. त्याचे एक जुने नाव ‘आढ्यवात’, म्हणजे श्रीमंतांचा वात. आजही रुग्ण दिसला की ‘खाणेपिणे जास्त झाले’ असा शेरा मारला जातो. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार असो वा माळकरी शेतकरी, हा शेरा अन्यायाचा आहे.

शरीरातील सुमारे दोनतृतीयांश युरिक ॲसिड मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. ते वाहून नेणाऱ्या प्रथिनांची घडण जनुके ठरवतात. ‘एसएलसी२ए९’ आणि ‘एबीसीजी२’ ही त्यांतील प्रमुख. वारशाने त्यांत फरक आला की निचरा मंदावतो. युरोपीय वंशाच्या १६,७६० अमेरिकनांच्या २०१८ सालच्या अभ्यासात युरिक ॲसिडमधील सुमारे २४ टक्के फरक जनुकांशी जोडलेला आढळला. आहाराशी एक टक्काही नाही. आकडे परदेशातील आहेत, पण बोध आपल्यालाही आहे.

म्हणून पथ्य सोडावे असे नव्हे. दारू, अतिमांसाहार व लठ्ठपणा त्रास वाढवतातच. परंतु घरातली डाळ बंद करून मनानेच वेदनाशामक गोळ्या गिळत राहिल्यास मूत्रपिंडाला धोका पोहोचतो. वडील-भावांना हा त्रास असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वारंवार झटके येत असतील तर युरिक ॲसिड ६ मिलिग्रॅमच्या खाली राखण्याचे औषध नियमित घ्यावे. ॲलोप्युरिनॉल सुरू केल्यावर अंगावर पुरळ उठल्यास मात्र गोळी थांबवून त्वरित डॉक्टरांना दाखवावे.

रुग्णाला बोल लावून त्याचा अंगठा बरा होत नाही. त्याला वेळीच दवाखान्यात न्यावे.