फ्लॅट भाड्याने देताय? पार्किंगसकट द्या

पुण्यापासून दूर राहणाऱ्या आपल्या मंडळातल्या कितीतरी कुटुंबांचा पुण्यात, कोथरूडमध्ये एखादा फ्लॅट आहे. मयूर कॉलनी, डहाणूकर, भुसारी, नाहीतर कर्वे पुतळ्याच्या मागची जुनी तीन मजली सोसायटी. आई-वडील गेले किंवा आपल्याकडे राहायला आले की तो अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने जातो. पार्किंग मात्र आपण स्वतःकडे ठेवतो. तिथे कव्हर घातलेली गाडी उभी असते. टायर बसलेले, बॅटरी उतरलेली. डिसेंबरात पुण्याला गेल्यावर लागेल म्हणून ठेवलेली. हे थांबलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

भाडेकरूच्या बाजूने बघा. एजंट ‘टू बीएचके, पार्किंग आहे’ म्हणतो, डिपॉझिट दिलं जातं, टेम्पोतून सामान उतरतं आणि मग कळतं की खालची जागा मालकाच्या गाडीची. गाडी गल्लीत लावायची, तर सम तारखेला एका बाजूला, विषम तारखेला दुसऱ्या. मध्यरात्री तारीख बदलते, म्हणून सकाळी चहाच्या आधी गाडी हलवायला खाली उतरायचं. विसरलं की दंड.

आणि हे भाडेकरू कोण? नोकरीसाठी आलेली तरुण मंडळी तर आहेतच. पण ऐंशी-नव्वदच्या दशकांत, बहुतेक घरांत एखादी स्कूटर असायची तेव्हा उभ्या राहिलेल्या इमारती आता रिडेव्हलपमेंटला जात आहेत. त्यांतली कुटुंबं नवी इमारत होईपर्यंत शेजारच्याच गल्लीत घर शोधतात, कारण डॉक्टर, देऊळ, भाजीवाला सगळं तिथेच. सत्तरीतल्या माणसाला स्टेशन किंवा दवाखाना गाठायचा तर गाडी दाराशी लागते. कालचा सभासद आज भाडेकरू असतो.

काहीजण म्हणतील, वनाझहून मेट्रो सुरू झाली, गाडी कशाला? ६ मार्च २०२२ पासून ती धावते आहे आणि डेक्कनला, शिवाजीनगरला जाणाऱ्यांची खरोखर सोय झाली. पण मेट्रोने जाणाऱ्याचीही दुचाकी घरी असतेच, आणि तीही कुठेतरी लावावी लागते.

‘पार्किंग आमच्या मालकीचं’ हा समजही तपासून बघा. स्टिल्टखालची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० च्या नहालचंद लालूचंद खटल्यात सांगितलं. ती सोसायटीची सामाईक जागा. वापराचं वाटप सोसायटी करते. मग आपण वापरत नसलेली जागा वर्षभर अडवून ठेवण्याचं समर्थन कसं करायचं?

करार नोंदवण्याची जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार मालकावर आहे. नोंदणी नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. तोंडी ‘बघू पार्किंगचं’ म्हणण्यात आपलंही हित नाही. आपण राहतो तिथे अपार्टमेंट घेताना आपण पार्किंगचं आधी विचारतो, करारात लिहून मागतो. तोच न्याय कोथरूडच्या भाडेकरूला हवा.

तेव्हा या वेळी कराराचं नूतनीकरण करण्याआधी सेक्रेटरींना पत्र लिहा, भाडेकरूला जागा वापरू देण्याची लेखी संमती घ्या आणि जागेचा क्रमांक करारात घाला. ती उभी गाडी विकून टाका. डिसेंबरातल्या तीन आठवड्यांसाठी रिक्षा आणि कॅब पुरते.