आधी व्याख्या तपासा, मग भांडा

मित्रांनो, मारेगाव तालुक्यातल्या पोडावर राहणारा कोलाम आणि जवळच्या गावातला बौद्ध शेतमजूर हे एका वर्गात मोडतात की दोन? कोणती व्याख्या हाती घेता, त्यावर उत्तर ठरते.

सरकारी व्याख्येने दोन. कोलाम अनुसूचित जमातीत, त्यातही वेगळ्या गटात. कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम या महाराष्ट्रातल्या तीन जमातींना 'आदिम जमाती' म्हटले गेले. निकष काय? शेतीपूर्व तंत्र, अत्यल्प साक्षरता, थांबलेली किंवा घटती लोकसंख्या, पोटापुरती अर्थव्यवस्था. २००६ मध्ये केंद्राने 'आदिम' शब्द वगळला. निकष तेच ठेवले. हे चारही निकष कोलामाचीच उणीव सांगतात. त्याचा जंगलावरचा हक्क कोणी हिरावला, हे त्यातला एकही सांगत नाही.

बौद्धांचेही तसेच. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीच्या व्याख्येत धर्माची अट घातली. १९५६ ला धम्म स्वीकारलेला माणूस केंद्राच्या यादीबाहेर गेला. गावाची त्याच्याशी वागणूक बदलली नव्हती, तरी व्याख्येने त्याला वगळले. दुरुस्तीला १९९० उजाडले.

आता १९७३ चा पँथरचा जाहीरनामा घ्या. त्यात 'दलित' म्हणजे अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया. लक्षण एकच: शोषण. या व्याख्येत कोलाम आणि बौद्ध शेजारी उभे राहतात.

'दलित म्हणायचे की बौद्ध' यावर आपण रात्र-रात्र भांडतो. पण हे एकाच वस्तूचे दोन शब्द नाहीत. 'अनुसूचित जाती' यादीवरून ठरते, 'बौद्ध' धम्मावरून, 'दलित' शोषणावरून. एकच माणूस तिन्हींत बसू शकतो. हिंदू मातंग पहिल्यात आणि तिसऱ्यात बसतो, दुसऱ्यात नाही. निकषांची सरमिसळ केली की भांडण संपत नाही.

बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जातीवरचा निबंध वाचला, तेव्हा आधी सेनार, नेसफील्ड, रिस्ले, केतकर यांच्या व्याख्या तपासल्या. सोवळे-ओवळे, रोटीबंदी ही लक्षणे बाजूला ठेवून जातीतच लग्न हे मूळ लक्षण त्यांनी पकडले. म्हणून रोग कुठे आहे ते दिसले. सहभोजनाने जात जात नाही, हे त्या व्याख्येतूनच निघते.

तेव्हा पुढच्या बैठकीत कोणताही शब्द आला की तीन प्रश्न विचारा: व्याख्या कोणी केली? कोणते लक्षण धरले? त्याने कोण आत आले, कोण बाहेर राहिले? पोडावरचा कोलाम आपला की परका, हे त्या उत्तरावरून ठरेल.

जय भीम!