पिंग चालतंय ना, मग झालं!

रविवारची सकाळ तर्री-पोह्यांची. माझी गेली परसोडीच्या आयटी पार्कात. व्हीपीएनपलीकडच्या सर्व्हरवर लॉगिन व्हायचं, पण फाइल पाठवली की अडकायची. नेटवर्कवाल्यांचं एकच पालुपद: "पिंग चालतंय ना?"

अहो, चालणारच! लिनक्सचं पिंग वेगळं सांगितलं नाही तर फक्त ५६ बाइट डेटा पाठवतं. सायकल गेली म्हणून ट्रकही जाईल का?

मी '-एम डू -एस १४७२' लावलं, म्हणजे हेडर धरून १५०० बाइटचं पॅकेट, तुकडे न करता. उत्तरच नाही! १३७२ ला लगेच आलं. टनलचा एमटीयू कमी, अन् तसं कळवणारे आयसीएमपी संदेश फायरवॉलने अडवलेले.

माइक म्यूस यांनी १९८३ मध्ये पिंग लिहिलं. ऑप्शन मॅन पेजवर आहेत. वाचायला पैसे पडतात का बाप्पा?